घरचा प्लेअर, बाहेरची फाइल

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)



नांदुऱ्यात महामार्गालगत हनुमंताची १०५ फुटी मूर्ती २००३मध्ये उभी राहिली. त्याच सुमारास मी गावात सीडीचं छोटंसं दुकान काढलं. सिनेमाच्या सीडी भाड्यानं द्यायच्या, लग्नाच्या व्हिडिओ कॅसेटची सीडी करून द्यायची, असा तो व्यवसाय. दुकान बंद होऊन आता बरीच वर्षं झाली. पण गल्लीत कुणाचा प्लेअर अडला की अजूनही हाक मलाच येते. गेल्या दिवाळीनंतर शेजारच्या काकूंची अशीच हाक आली.

काकूंच्या मुलाला पुण्यात मुलगी झाली. बारसं तिथंच झालं. काका अंथरुणाला खिळलेले, त्यामुळे दोघांनाही जाता आलं नाही. मुलानं पाऊण तासाचं चित्रण मोबाइलवर केलं आणि इंटरनेटवर ठेवून त्याची लिंक पाठवली. पण मोबाइलच्या वीतभर पडद्यावर काकांना काही दिसेना. त्यांच्या पलंगासमोर असतो तो जुना पिक्चर ट्यूबचा टीव्ही आणि त्याखाली २००८ साली घेतलेला डीव्हीडी प्लेअर. "यावरच दाखवा त्यायले," काकू म्हणाल्या, "तुमचं तं दुकानच होतं न भाऊ सीड्याचं!"

दुकानाचं नाव काढल्यावर मागं हटायची सोय राहिली नाही. मी फाइल संगणकावर उतरवून घेतली. भरली साडेपाच जीबी. ती पेन ड्राइव्हवर घातली, पेन ड्राइव्ह प्लेअरला लावला. पडद्यावर अक्षरं आली, 'नो डिस्क'. म्हणजे आत काही आहे हेच त्याला दिसत नव्हतं. दुसरा पेन ड्राइव्ह आणून, फाइलचे दोन तुकडे करून घातले. आता फाइलचं नाव दिसलं, पण बटण दाबताच 'अनसपोर्टेड'. मग मी पूर्वीच्या सवयीनं एक शहाणपणा केला. फाइलच्या नावामागचं 'एमपी४' हे शेपूट पुसून तिथं 'एव्हीआय' लिहिलं. प्लेअर त्याला भुलला, दहा सेकंद विचारात पडला आणि जागच्या जागी अडकला. शेवटी वायर काढून बंद करावा लागला. काका भिंतीकडे तोंड करून झोपले.

असा प्रसंग बऱ्याच घरांत घडतो आणि दोष दिला जातो प्लेअरला, नाहीतर पेन ड्राइव्हला. खरं कारण वेगळंच असतं. ते समजून घेतलं तर उपाय अवघड नाही.

पेन ड्राइव्ह का दिसला नाही?

पहिली अडचण सगळ्यात सोपी आहे. पेन ड्राइव्हवर फाइली मांडून ठेवण्याच्याही पद्धती असतात. दुकानात एक जण माल भिंतीलगत लावतो, दुसरा खणाखणांत लावतो, तसंच. जुन्या प्लेअरला बहुधा 'फॅट-३२' नावाची एकच मांडणी समजते. आजचे ६४ जीबीचे आणि त्याहून मोठे पेन ड्राइव्ह बहुतेक 'एक्सफॅट' या नव्या मांडणीचे येतात. प्लेअरला ती वाचताच येत नाही, म्हणून तो म्हणतो, इथं काही नाही. जुन्या मांडणीत आणखी एक मर्यादा आहे. चार जीबीपेक्षा मोठी एकच एक फाइल तिच्यात बसत नाही. म्हणून मला तुकडे करावे लागले. तेव्हा जुन्या प्लेअरसाठी आठ किंवा सोळा जीबीचा लहान पेन ड्राइव्ह वेगळा ठेवावा आणि तो संगणकावर फॅट-३२ मध्ये फॉरमॅट करून घ्यावा. फॉरमॅट करताना आतलं सगळं पुसलं जातं, हे ध्यानात ठेवावं. फाइलचं नावही रोमन लिपीत आणि छोटं असावं. देवनागरी नावाच्या जागी प्लेअर नुसते चौकोन दाखवतो.

गाठ बांधणारा आणि सोडणारा

आता मुख्य गोष्ट. चित्रण हे मुळात प्रचंड मोठं असतं. डीव्हीडीवरच्या चित्राची एक चौकट आडवी ७२० आणि उभी ५७६ ठिपक्यांची असते. म्हणजे चार लाखांवर ठिपके. प्रत्येक ठिपक्याचा रंग लिहून ठेवायला तीन बाइट धरा. अशा चौकटी सेकंदाला २५. हिशेब केला तर एका सेकंदाला सुमारे ३१ एमबी होतात. या हिशेबानं ४.७ जीबीच्या अख्ख्या डीव्हीडीवर जेमतेम अडीच मिनिटं मावतील आणि ७०० एमबीच्या सीडीवर २२ सेकंद. आपण तर तिच्यावर तीन तासांचा सिनेमा पाहिलेला असतो. हे जमतं कसं?

आपल्या कापसाच्या भागात हे समजावणं सोपं आहे. मोकळी रुई किती जागा खाते हे जिनिंगच्या अंगणात उभं राहिलं की कळतं. तीच रुई प्रेसमध्ये दाबली की १७० किलोची आटोपशीर गाठ होते. चित्रणाचंही तसंच करतात. समजा नांदुरा स्टेशनच्या फलाटावर कॅमेरा एका जागी ठेवून गाडी येतानाचं चित्रण केलं. छप्पर, खांब, पाटी जागेवरच आहेत. हलते आहे ती फक्त गाडी. मग प्रत्येक चौकटीत छप्पर पुन्हा पुन्हा कशाला लिहायचं? एक चौकट पूर्ण लिहायची आणि पुढच्या चौकटींत फक्त बदल लिहायचा. शिवाय डोळ्यांना सहसा न जाणवणारे बारकावे गाळून टाकायचे. या दाबण्याच्या आणि पुन्हा उलगडण्याच्या पद्धतीला म्हणतात 'कोडेक'. ज्यानं ज्या पद्धतीनं गाठ बांधली, त्याच पद्धतीनं ती सोडावी लागते.

कापसात आणि चित्रणात एक फरक मात्र आहे. गाठ सोडली की सगळी रुई परत मिळते. चित्रणातून जे गाळलं ते कायमचं गेलं. हा फरक लक्षात ठेवा, शेवटी तो कामाला येणार आहे.

डबा आणि माल

मग 'एमपी४', 'एव्हीआय' ही नावाची शेपटं काय सांगतात? ती सांगतात फक्त डब्याविषयी. चित्र आणि आवाज एकत्र ज्यात भरलेत तो डबा. एव्हीआय हा मायक्रोसॉफ्टनं १९९२मध्ये आणलेला डबा, एमकेव्ही हा त्यानंतर दहाएक वर्षांनी आलेला. डबा एकच असला तरी आतला माल वेगवेगळ्या कोडेकनं दाबलेला असू शकतो. बिस्किटाच्या डब्यात पोहे ठेवावेत आणि पोह्याच्या डब्यात डाळ, हा आपल्या स्वयंपाकघरातला रोजचाच प्रकार. डब्यावरची चिठ्ठी बदलून डाळीचे पोहे होत नाहीत. मी शेपूट बदलून नेमका तोच मूर्खपणा केला होता. कधी चित्र दिसतं पण आवाज येत नाही, तेव्हाही असंच झालेलं असतं. चित्राचा कोडेक प्लेअरला येतो, आवाजाचा येत नाही.

एकाच नावाची दोन भावंडं

संगणकाला नवा कोडेक शिकवता येतो. एक मोफत प्रोग्राम घातला की झालं. घरच्या प्लेअरची गोष्ट निराळी. त्याच्या पोटात एक चिप असते आणि ती कारखान्यातून जेवढ्या भाषा शिकून येते, तेवढ्याच तिला जन्मभर येतात. म्हणून प्लेअरचं वय विचारावं लागतं.

१९९३मध्ये व्हीसीडी ठरली. तिचा कोडेक एमपीईजी-१. चित्र लहान, ३५२ बाय २८८ ठिपक्यांचं, आणि एका डिस्कवर सुमारे ऐंशी मिनिटं. म्हणूनच आपण मध्यंतराला उठून दुसरी डिस्क घालत होतो. १९९६मध्ये जपानात डीव्हीडी बाजारात आली, तिचा कोडेक एमपीईजी-२. पुढं मोझर बेअर कंपनीनं २००७च्या सुमारास सिनेमाची व्हीसीडी २८ रुपयांना आणि डीव्हीडी ३४ रुपयांना विकायला काढली. माझ्यासारख्यांचा भाड्याचा धंदा बसला, पण प्लेअर मात्र खेड्यापाड्यांत पोचले.

दरम्यान इंटरनेटवर वेगळंच चाललं होतं. १९९९मध्ये जेरोम रोता या फ्रेंच प्रोग्रामरनं मायक्रोसॉफ्टच्या एमपीईजी-४ कोडेकमध्ये फेरफार करून तो एव्हीआय डब्यात चालेल असा केला. त्यातून 'डिव्हएक्स' जन्मलं. २००१मध्ये त्याचाच मोफत भाऊबंद 'एक्सव्हिड' निघाला. अख्खा सिनेमा ७०० एमबीच्या एका सीडीत बसवायची यांची करामत. तिचं मोल कळायला ते दिवस आठवायला हवेत. बीएसएनएलचं ब्रॉडबँड २००५मध्ये आलं तेव्हा वेग होता सेकंदाला २५६ किलोबिट. त्या वेगानं ७०० एमबी उतरवायला सहा तासांहून अधिक लागायचे. रात्री लावून झोपायचं आणि पहाटे वीज गेली नसेल तर फाइल मिळायची. लोकांकडे अशा फाइली साठू लागल्या, तेव्हा प्लेअर बनवणाऱ्यांनीही चिपला ही भाषा शिकवली आणि खोक्यावर अभिमानानं छापलं, 'एमपीईजी-४'.

काकूंच्या प्लेअरवरही तेच छापलेलं आहे. मग मोबाइलची एमपी४ फाइल का चालू नये? घोळ इथंच आहे. एमपीईजी-४ या एकाच नावाखाली चित्र दाबण्याच्या दोन पद्धती आहेत. एक थोरली, १९९९ची. डिव्हएक्स आणि एक्सव्हिड तिचेच. दुसरी धाकटी, २००३ची. तिला एच.२६४ म्हणतात. आडनाव एक, पण बोली वेगळी. आजचे मोबाइल चित्रण करतात ते धाकट्या पद्धतीनं, नाहीतर तिच्याही नंतरच्या, २०१३च्या एच.२६५नं. २००८चा स्वस्त डीव्हीडी प्लेअर सहसा फक्त थोरलीला ओळखतो. शिवाय मोबाइलचं चित्र १९२० बाय १०८० ठिपक्यांचं, आणि अशा प्लेअरची झेप ७२० बाय ५७६ पर्यंत. म्हणजे काकूंचा प्लेअर बिघडलेला नव्हता आणि मुलाची फाइलही खराब नव्हती. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती, एवढंच.

मग करायचं काय?

मध्ये दुभाषा बसवायचा. संगणकावर फाइल प्लेअरच्या भाषेत बदलून घ्यायची. याचे दोन रस्ते आहेत.

पहिला पेन ड्राइव्हचा. प्लेअरवर डिव्हएक्स किंवा एमपीईजी-४ लिहिलं असेल तरच तो उपयोगाचा. 'एव्हीडेमक्स' हा मोफत प्रोग्राम घ्यावा. चित्रासाठी एक्सव्हिड, आवाजासाठी एमपी३ आणि डब्यासाठी एव्हीआय निवडावं. चित्राची रुंदी ७२० किंवा त्याहून कमी ठेवावी. 'क्वार्टर पिक्सेल' आणि 'ग्लोबल मोशन' असे दोन पर्याय दिसले तर ते बंदच ठेवावेत. त्यांनी चित्र थोडं सुधारतं, पण पुष्कळ प्लेअरची चिप तिथंच धापा टाकते आणि चित्र अडखळतं.

दुसरा रस्ता खऱ्या डीव्हीडीचा, आणि घरातल्या वडीलधाऱ्यांसाठी तोच बरा. इथं एक भेद समजून घ्या. रिकाम्या डीव्हीडीवर एमपी४ फाइल नुसती उतरवली, तर ती होते 'डेटा डिस्क', म्हणजे गोल आकाराचा पेन ड्राइव्हच. अडचण कायम राहते. प्लेअरला हवी असते 'डीव्हीडी-व्हिडिओ'. तिच्यात एमपीईजी-२ चित्र ठरावीक रचनेत, 'व्हिडिओ टीएस' नावाच्या फोल्डरमध्ये असतं. 'डीव्हीडीस्टायलर' हा मोफत प्रोग्राम ही रचना आपोआप करून देतो. त्यात 'पाल' हा पर्याय निवडावा, कारण आपल्या जुन्या टीव्हींची पद्धत ती आहे. अमेरिकेतली पद्धत 'एनटीएससी'. तिथल्या नातेवाइकांनी पाठवलेली घरगुती डिस्क आपल्याकडच्या जुन्या टीव्हीवर कधी काळीपांढरी दिसते किंवा वरखाली धावते, ती या फरकामुळं. एका डीव्हीडीवर तासभराचं चित्रण उत्तम दर्जाचं बसतं आणि दोन तासांचं बरं बसतं. त्याहून जास्त कोंबू नये. डिस्क शक्यतो 'डीव्हीडी-आर' घ्यावी आणि लिहिताना वेग कमी, चार किंवा आठ पट ठेवावा. घाईनं लिहिलेली डिस्क जुन्या प्लेअरला वाचायला जड जाते. वरून कागदी लेबल चिकटवू नये. डिस्कचा तोल जातो.

एक गोष्ट बजावून सांगायला हवी. हे सगळं आपल्या घरच्या चित्रणासाठी किंवा ज्याची रीतसर परवानगी आहे अशा फाइलींसाठी. नव्या सिनेमाची चोरटी प्रत उतरवणं आणि तिच्या डिस्का वाटणं हा कॉपीराइट कायद्यानं गुन्हा आहे. दुकानात बसून मी पाहिलंय, अशा फाइलींबरोबर संगणकात व्हायरसही फुकट येतो.

काकूंसाठी मी दुसरा रस्ता धरला. रात्री संगणक कामाला लावला आणि सकाळी डिस्क घेऊन गेलो. चित्र लागलं, आवाज आला. काका उशीला टेकून बसले, थोडा वेळ पाहिलं आणि म्हणाले, "हे सारे जण असे लांबट काहून दिसून राहिले?" खरंच, सगळे पाहुणे उभे ताणल्यासारखे! मोबाइलचं चित्र रुंद, १६ बाय ९ चं, आणि टीव्ही जुन्या ४ बाय ३ मापाचा. रिमोटवरचं 'सेटअप' बटण दाबलं आणि टीव्हीच्या मापात '४:३ लेटर बॉक्स' निवडलं. वर-खाली काळ्या पट्ट्या आल्या आणि माणसं माणसांसारखी दिसू लागली. पाळण्याजवळ बायका नाव सांगत होत्या. काका काही बोलले नाहीत. डिस्क संपल्यावर त्यांनी हातानंच खूण केली, पुन्हा लाव.

मूळ फाइल पुसू नका

मी घरी येतो न येतो तोच पुण्याहून मुलाचा फोन. "काका, डिस्क झाली ना? मोबाइल भरलाय. आता पुसून टाकतो." मी त्याला थांबवलं. डीव्हीडीसाठी ते चित्रण पुन्हा दाबलं गेलं होतं, ठिपके कमी झाले होते. मघाशी म्हटलं तसं, गाळलेलं परत येत नाही. उद्या त्याच्या मुलीला तिचं बारसं मोठ्या टीव्हीवर बघायचं असेल, तर मूळ फाइलच हवी.

हे मी अनुभवानं सांगतोय. माझे वडील शिक्षक होते. त्यांच्या निरोप समारंभाचं चित्रण मी स्वतः केलं, त्याची डीव्हीडी केली आणि कॅमेऱ्याची टेप त्याच आठवड्यात पुसून दुसऱ्या लग्नाला वापरली. डीव्हीडी दुकानात काचेच्या कपाटात मांडून ठेवली. घरी लिहिलेल्या डिस्कमध्ये रंगद्रव्याचा थर असतो, त्यावर माहिती उमटते, आणि हा थर ऊन आणि उष्णता सोसत नाही. नांदुऱ्याचा उन्हाळा तुम्हाला सांगायला नको. तीन-चार वर्षांनी डिस्क लावली तेव्हा पहिली काही मिनिटं चालली आणि वडील बोलायला उभे राहिले तिथंच ती अडकली. पुढं कितीही प्लेअर बदलले तरी ते भाषण मला पुन्हा ऐकायला मिळालं नाही. वडीलही आता नाहीत.

म्हणून श्रोतेहो, आजच्या बोलण्याचा मथितार्थ एवढाच. प्लेअरसाठी केलेली प्रत ही बघण्यासाठी असते, मूळ फाइल जपण्यासाठी. दोन्ही हव्यात. मूळ फाइल दोन वेगवेगळ्या जागी ठेवा. एक घरच्या हार्ड डिस्कवर, दुसरी बाहेरगावच्या नातेवाइकाकडे किंवा इंटरनेटवरच्या साठवणीत. आणि तुमच्या कपाटात लग्नाच्या, मुंजीच्या, वास्तुशांतीच्या जुन्या सीडी पडल्या असतील, तर आता त्यांना उलटा प्रवास करवा. डिस्क संगणकात घाला आणि आतलं सगळं जसंच्या तसं उतरवून घ्या. व्हीसीडीत 'डॅट' नावाच्या फाइली दिसतील, डीव्हीडीत 'व्हीओबी'. त्यांची भाषा बदलायच्या भानगडीत आज पडू नका, आधी त्या वाचवा. नव्या लॅपटॉपना डिस्कचा कप्पाच नसतो. बाहेरून जोडायचा ड्राइव्ह मिळतो, तो चार घरांत मिळून एक घेतला तरी चालतो.

काकूंकडे अशा डिस्का निघाल्या अकरा. नऊ नीट उतरल्या, दोन अर्ध्यावर थांबल्या. त्यातली एक मुलाच्या लग्नाची होती. तुमच्या कपाटात किती आहेत ते या रविवारी मोजून बघा.